टंच

विट्याच्या स्टँडमागच्या दुकानातून
सुयोगनं आठ दिवसांच्या बोलीवर आणलाय
जुना कन्सोल, एक रिमोट, राक्षसांची एक डिस्क.
रविवारी परत, नाहीतर साडेसहा हजार.
"मामा, तू टंच काढ."

तेवीस वर्षं त्रिचीत हेच केलं.
लोकांची मोड मुशीत घातली,
सुहागा टाकला, तेजाबाचा धूर गिळला
आणि सांगितलं: ब्याण्णव. सत्त्याऐंशी.
कुणाच्या मंगळसूत्राला एकाहत्तर म्हणताना
नजर तराजूवरून उचलायची नाही,
हे मालकानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
आता छातीत शिट्टी वाजते, म्हणून गावी.
दुपारी वेळच वेळ.

तर ऐक.
पहिला राक्षस, पाठीवर करवंदीची जाळी उगवलेला,
बरा घडवलाय.
झेप घ्यायच्या आधी डावा खांदा पाडतो.
ज्यानं केलाय त्यानं जनावर बघितलंय.
रेणावीच्या माळावरचा वळू असंच करायचा,
माझी मांडी साक्षीला आहे.
तलवारीला वजन आहे.
एकदा उगारली की परत घेता येत नाही,
चुकलास तर चुकलास.
भट्टीपुढं दुसरं काय असतं?

कॅमेरा हिणकस.
कोपऱ्यात सापडलो की भिंत दाखवतो.
मी मरतोय
आणि बघतोय काय, तर दगडावरचं शेवाळ.
पिशवी भरली, पिशवी भरली, हे सतरा वेळा.
बर्फाचा मुलूख म्हणजे पहिल्याच जंगलाला चुना फासलेला.
मुलामा रे.
नखानं खरवडला की खाली तांबं.

बुधवारी तीन वाजता लाईट गेली.
चाळीस मिनिटांची लढाई, राक्षस अर्धमेला,
आणि नोंद फक्त छावणीत होते म्हणे.
तू उशी फेकलीस. मी पण शिवी दिली.
पण लाईट आल्यावर परत बसलो
तेव्हा खांदा पडायच्या आधीच मी बाजूला होतो.
पडद्यावरचं सगळं पुसलं होतं,
बोटातलं नव्हतं.
हे मी जमेला धरलंय.

आणि ते एक.
खूप लागलं की तो लढायचं सोडतो.
लंगडत निघतो, ओढा ओलांडतो,
आपल्या गुहेत जाऊन अंग मुडपून झोपतो.
पोट वरखाली होतं.
संगीतसुद्धा थांबतं.
तू म्हणालास, मार, हीच वेळ आहे, दुप्पट लागतं.
मी रिमोट तुझ्या हातात दिला
आणि पाणी प्यायला उठलो.
हे गेमचं बलस्थान की खोट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परत आलो तर तू हिशेब मांडलेला:
नखं चार, शिंगं दोन, कातडं एक.
सगळं मोजून पिशवीत.
इथं मात्र मी अडतो, सुयोग.
घट कुठाय?
आम्ही संध्याकाळी दुकान झाडायचो, केर ठेवायचो,
हात धुतलेलं पाणी ठेवायचो,
वर्षाकाठी बनियनं जाळून राखेतनं सोनं काढायचो,
तरी वजनात थोडं जायचंच.
कुठं, ते कुणाला कळलं नाही.
थोडं माझ्या छातीत असेल.
वितळलं आणि काहीच गेलं नाही
असं सोनं मी बघितलेलं नाही,
असल्या मालावर माझा विश्वास बसत नाही.

"मामा, आकडा बोल."

त्र्याऐंशी.

"सतरा कशाचे कापलेस?"
कॅमेऱ्याचे सहा. पिशवीचे दोन. बर्फाचे पाच.
"आणि चार?"

तू पुढचा राक्षस निवडलायस.
त्याची गुहा नकाशावर लाल ठिपक्यानं दाखवलीय.
रविवार लांब आहे अजून.
सावकाश जाऊ. झोपला असेल.